सिस्टिमची आवृत्ती बदलताना सेटिंगचे काय होते?

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली की काही मूळ सेटिंगही बदलतात. सी-डॅकची 'बॉस' ही सिस्टिम ज्या डेबियनवर उभी आहे, तिथे हा बदल हाताळण्याची चोख पद्धत आहे. पॅकेज बसवताना 'डीपीकेजी' हे साधन प्रत्येक सेटिंग-फाइलच्या मूळ प्रतीची एमडी५ खूण नोंदवून ठेवते.

अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयातील सर्व्हर अद्ययावत होताना ही खूण ताडली जाते. फाइलला कोणी हात लावलेला नसेल, तर नवी फाइल मुकाट्याने बसते. फक्त स्थानिक बदल असेल, तर तो राहतो. स्थानिक आणि नव्या आवृत्तीतला असे दोन्ही बदल असतील, तर विचारणा होते. नुसते एंटर दाबले की जुनीच फाइल टिकते आणि नवी '.डीपीकेजी-डिस्ट' या शेपटासह बाजूला राहते. ती नंतर उघडून ताडणे फार गरजेचे, आणि नेमके तेच राहून जाते.

खरी अडचण फाइलमध्ये न लिहिलेल्या सेटिंगची. ती प्रोग्रामच्या आतच ठरलेली असल्याने विचारणा होतच नाही. उदाहरणार्थ, दूरस्थ प्रवेशासाठीच्या ओपनएसएसएचच्या ऑगस्ट २०१५ मधील ७.० आवृत्तीने रूट खात्याचा पासवर्डने प्रवेश मुळातच बंद केला. सुरक्षेसाठी हा निर्णय योग्यच होता. पण रूटने पासवर्ड देऊन शिरण्याच्या सवयीवर विसंबलेल्यांना दार बंद दिसले. असे बदल मुख्यतः प्रकाशन-टिपांतून कळतात.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत सिस्टिममध्ये मात्र बरीच मूळ मूल्ये 'डिफॉल्ट्स' फोल्डरमध्ये आणि स्थानिक बदल वेगळ्या फाइलमध्ये असतात, त्यामुळे गल्लत कमी होते.