हजारातले पासष्ट घसे

न्यूयॉर्कच्या शाळांमधली अकरा वर्षांची हजार मुलं. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढून झाले होते. उरलेल्या ३८९ जणांचे घसे डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांना ऑपरेशन सुचवलं. राहिलेल्या २१५ मुलांना, म्हणजे ज्यांचं काही काढायची गरज नाही असं ठरलं होतं त्यांना, दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी ९९ जण निवडले! मग उरलेली ११६ मुलं तिसऱ्यांदा तपासली, तर त्यातही ५१ निघालेच. दोनदा निर्धोक ठरलेले घसे होते हे. शेवटी सुटली फक्त ६५ मुलं. दर फेरीला मुलं वेगळी, पण शेकडा ४५च्या आसपासचं प्रमाण काही हलेना.

या डॉक्टरांना लबाड म्हणवत नाही. लहानपणी टॉन्सिल्स मोठेच दिसतात; साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात ते सर्वांत फुगलेले असतात आणि वयात येताना आक्रसतात. प्रत्येकात दहा-वीस वाकडेतिकडे खळगे असतात. घासातले, श्वासातले जंतू त्यांत अडकतात आणि तिथल्या पेशी त्यांची ओळख करून घेतात. नुसत्या आकारावरून आजार कसा ओळखणार?

पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅरडाइज यांनी १९८४ साली मोजणीचा निकष वापरला: घसादुखीचे वर्षात ७ झटके, किंवा दोन वर्षं दरसाल ५, किंवा तीन वर्षं दरसाल ३, आणि तेही डॉक्टरांकडे नोंदलेले. या निकषात बसलेल्यांना ऑपरेशनने आराम पडला. पण ऑपरेशन न झालेल्यांपैकीही अनेकांचे झटके पुढे आपोआप कमी झाले! ऑपरेशननंतर आठवडाभराने खपली सुटताना रक्तस्रावाचा धोका असतो, हेही हिशेबात धरावं लागतंच.

मोठ्या टॉन्सिल्समुळे होणाऱ्या घोरण्याचं प्रकरण मात्र वेगळं. मूल घोरता घोरता मध्येच श्वास घ्यायचं थांबतं आणि दचकून पुन्हा सुरू करतं. तिथे झटके मोजत बसू नये. दवाखान्यात मूल जागं असतं, त्यामुळे डॉक्टरांना हे दिसत नाही. रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढून तो त्यांना दाखवावा.