पोपची पत्रं आणि लोकशाही समाजवाद : कुठे जुळतं, कुठे अडतं

‘पोपने समाजवादाला केव्हाच नाकारलंय,’ असं एक जण ठासून सांगतो. दुसरा म्हणतो, ‘छे, पोप तर डाव्यांच्याच बाजूचे!’ दोघांच्याही हातात एकेक वाक्य असतं, आणि गंमत म्हणजे दोन्ही खरी असू शकतात. म्हणून आपण मूळ पत्रं ओळीने, जुन्यापासून नव्यापर्यंत पाहू.

आधी शब्दांचे अर्थ. कॅथलिक सामाजिक शिकवण म्हणजे मजुरी, मालमत्ता, सरकार यांविषयी प्रामुख्याने पोपच्या जाहीर पत्रांतून (एन्सिक्लिकल) साठत गेलेला विचार. लोकशाही समाजवाद म्हणजे निवडणुका, अनेक पक्ष आणि नागरी स्वातंत्र्य शाबूत ठेवून मोठे उद्योग व अत्यावश्यक सेवा समाजाच्या ताब्यात आणू पाहणारं राजकारण. रशियातल्या एकपक्षीय राजवटीला आणि ब्रिटनच्या मजूर पक्षाला एकाच मापाने मोजलं, की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पहिलं पत्र १८९१ चं, तेराव्या लिओंचं ‘रेरुम नोवारुम’. कामगाराने करार मान्य केला, एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचं त्यात भागलं पाहिजे, असं ते बजावतं. कामगारांच्या संघटनांनाही ते पाठिंबा देतं. मात्र खासगी मालमत्ता रद्द करायला त्याचा साफ विरोध आहे. हा विरोध श्रीमंतांची बाजू घेऊन केला असेल, असं आपल्याला सहज वाटतं. पत्रातला युक्तिवाद मात्र कामगाराच्या बाजूने आहे. पोटाला चिमटा काढून त्याने जमिनीचा तुकडा घेतला, तर ती जमीन म्हणजे वेगळ्या रूपातली त्याची मजुरीच. ती काढून घेणं म्हणजे मजुरी काढून घेणं.

मग मालमत्ता पवित्र आणि अबाधित का? तसंही नाही. मालकी एकाची असली, तरी सृष्टीतली साधनं सगळ्यांसाठी आहेत, हा विचार तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपासून चालत आला आहे. खासगी मालमत्तेचा हक्क निरंकुश नाही, असं सहाव्या पॉलनी १९६७ मध्ये स्पष्टच लिहिलं.

आता सगळ्यात जास्त वाद घडवणारं पत्र : १९३१ चं, अकराव्या पायसांचं ‘क्वाड्राजेसिमो आन्नो’. चांगला कॅथलिक आणि खरा समाजवादी एकाच वेळी होता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. बहुतेक जण इथेच पान मिटतात. पण त्याच पत्रात आधी दोन कबुल्या आहेत. मवाळ समाजवाद्यांच्या मागण्या कधी कधी ख्रिस्ती सुधारकांच्या मागण्यांच्या अगदी जवळ येतात, ही एक. आणि खासगी हातांत ठेवणं धोक्याचं ठरेल इतकी सत्ता देणारी काही मालमत्ता सरकारकडे राखून ठेवणं योग्य, ही दुसरी. खरा आक्षेप माणूस आणि समाज यांकडे फक्त ऐहिक सोयीच्या नजरेने पाहण्यावर आहे. इंग्लंडमध्ये कार्डिनल बोर्न यांनी तेव्हाच खुलासा केला, की कॅथलिकांना मजूर पक्षात जायला यामुळे आडकाठी नाही.

याच पत्रात सब्सिडिॲरिटीचं तत्त्व मांडलं आहे. लहान गटाला जे जमतं ते मोठ्या यंत्रणेने हिसकावू नये. ग्रामपंचायत जो नळ दुरुस्त करू शकते, त्याची फाइल मंत्रालयात जाऊ नये. पुष्कळ लोक एवढंच वाचून ‘सरकारने लुडबुड करू नये’ असा निष्कर्ष काढतात. लहान गटाला जमेनासं झालं तर मोठ्याने मदतीला यायचं, हा उरलेला अर्धा भाग ते गाळतात. या पत्राचा मसुदा करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते जर्मन जेझुइट ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग पुढे कामगार संघटनांचे आणि कारखान्याच्या निर्णयांत कामगारांच्या सहभागाचे समर्थक म्हणून ओळखले गेले. समाजवादाला नाकारणाऱ्या पत्रावर काम केलेल्या माणसाची ही पुढची वाट मला त्या एका वाक्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

यानंतर थेट १९८१ वर येऊ. दुसऱ्या जॉन पॉलच्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’मध्ये श्रम भांडवलाच्या वर आहेत. उत्पादनाची काही साधनं समाजाच्या मालकीची करायला इथे मनाई नाही. पण अट मार्मिक आहे : कारखाना मालकाकडून सरकारी अधिकाऱ्यांच्या हातात गेला, एवढ्याने तो समाजाचा होत नाही. इथे आपण राबतो ते स्वतःसाठीच, असं कामगाराला वाटलं पाहिजे. सरकारी मालकीवर भिस्त ठेवणाऱ्या समाजवाद्यांशी मतभेद होतो तो इथे. सहकारावर भर देणाऱ्यांशी मात्र सूर जुळतो. दहा वर्षांनी त्याच पोपनी कल्याणकारी राज्याच्या फुगलेल्या नोकरशाहीवरही टीका केली. सोळावे बेनेडिक्ट काही डाव्यांचे लाडके नव्हते. तरीही युरोपवरच्या एका लेखात, लोकशाही समाजवाद अनेक बाबतींत कॅथलिक शिकवणीच्या जवळचा होता आणि आहे, असं त्यांनी लिहिलं.

सहकाराची वाट आपल्याकडेही दिसते. वसईतल्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये सुरू केलेली सहकारी पतपेढी आज बॅसिन कॅथलिक बँक म्हणून उभी आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशात, मोंद्रागोनला, होसे मारिया अरिस्मेंदियारिएता हे तरुण धर्मगुरू १९४१ मध्ये आले. दोन वर्षांत त्यांनी तंत्रशाळा काढली आणि १९५६ मध्ये त्यांच्या पाच विद्यार्थ्यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला. नियम एकच : भांडवल कितीही असो, एका सभासदाला एक मत. तो कारखाना वाढून फागोर झाला आणि २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. तेव्हा त्याच्या अनेक सभासदांना समूहातल्या इतर सहकारी संस्थांनी आपल्याकडे कामावर घेतलं.