जुनी स्प्लेंडर पासिंगला नेताय? आधी हे बघा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्यात १५ वर्षं उलटलेल्या हिरो होंडा अजून रोज पळतात. काहींवर अजून परभणीचा एमएच २२. हिंगोली जिल्हा परभणीतून १९९९ ला वेगळा झाला, एमएच ३८ नंतर आला. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते पुढे ५ वर्षं चालतं. फॉर्म २५ मुदतीआधी ६० दिवसांत भरा. उशीर झाला की महिन्याला ३०० रुपये दंड. पर्यावरण कर वेगळा.

इंजिनाची काळजी सगळे करतात, पण गाडी अडते फुटकळ गोष्टींवर. मागचा ब्रेक दाबल्यावर लाल दिवा लागत नाही, हॉर्न घोगरा, टायर गुळगुळीत (नक्षी किमान ०.८ मिमी हवी). हँडलखालच्या पाइपवरचा चेसिस नंबर गंज आणि रंगाखाली बुजलेला असतो. तिथे रॉकेलचं फडकं मारा, पॉलिश पेपर अजिबात नको. अंक झिजले की खरी भानगड.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्येच खटकन अडकलं तर कोनसेट गेला. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील; ऑइल बदलून तो थांबत नाही.

विमा आणि पीयूसी चालू ठेवूनच पासिंगसाठी हिंगोलीच्या आरटीओला निघा.