पिशवींतून बाष्प किती शिरतें?

बियाणें प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तोंड घट्ट बांधलें म्हणजे ओलाव्याची चिंता मिटली, असा समज आमच्या शेतकरी बंधूंत रूढ आहे. तो निम्माच खरा आहे. अशी पिशवी पाण्याचा थेंब अडविते. परंतु हवेंतील बाष्प तिच्या पातळ पापुद्र्यांतून हळूहळू आंत पाझरतें. वैशाखांत काढलेलें कांद्याचें बियाणें रब्बीकरितां पावसाळाभर ठेवावें लागतें. त्याची उगवण पुष्कळदां ह्याच वाटेनें बसते. एक किलो बियाण्यांत रोज 1 ग्रॅम बाष्प शिरलें, तरी दहा दिवसांत ओलावा सुमारें 1 टक्क्यानें चढतो.

प्रयोगशाळेंत ह्याचें माप वजनावरून घेतात. उथळ वाटींत ओलावा शोषणारें कॅल्शियम क्लोराइड घालून तोंडावर पापुद्रा बसवितात, कडा मेणानें सांधतात, आणि वाटी बहुधा 38 अंश सेल्सिअस उष्णतेच्या व 90 टक्के आर्द्रतेच्या कपाटांत ठेवतात. वजन जेवढें वाढेल तेवढें बाष्प आंत शिरलें. एक चौरस मीटर पापुद्र्यांतून 24 तासांत किती ग्रॅम, असा हा आकडा सांगतात. 25 मायक्रॉन जाडीच्या साध्या पॉलिथिनचा तो सुमारें 15 ते 20 येतो. जाडी दुप्पट केल्यास सुमारें निम्मा होतो. ॲल्युमिनियमच्या निश्छिद्र वर्खाचा तो जवळजवळ शून्य असतो.

घरींही तुलना करतां येते. सारख्या तोंडाच्या तीन कांचेच्या बरण्या घ्याव्या. तळाशीं कोरडें कॅल्शियम क्लोराइड घालावें. तें पापुद्र्यास टेकूं नये व त्यास ओला हात लावूं नये. दोन बरण्यांवर निरनिराळ्या पिशव्यांचे तुकडे व तिसरीवर कांचेची चकती बसवून कडा मेणानें सांधाव्या. तिसरीचें वजन वाढलें तर सांधा कच्चा समजून प्रयोग पुन्हां मांडावा. रोज ठराविक वेळीं सोनाराच्या काट्यावर वजन करून वहींत तारीखवार नोंद ठेवावी; पहिल्या दिवसाचा आकडा सोडावा. समजा, तोंड 50 चौरस सेंटिमीटर असून पांच दिवसांत 0.2 ग्रॅम वाढ झाली. म्हणजे दिवसास 0.04 ग्रॅम, त्यास 200 नें गुणितां चौरस मीटरास 8 ग्रॅम. घरची हवा प्रयोगशाळेसारखी नसते, म्हणून हा आकडा तेथील आकड्याशीं ताडूं नये. परंतु शेजारीं ठेवलेल्या दोन पिशव्यांत सरस कोणती, हें त्यावरून कळतें.

मात्र एक सावधगिरी अवश्य हवी. जी पिशवी बाष्प आंत येऊं देत नाहीं, ती बाहेरही जाऊं देत नाहीं. ओलें बियाणें तींत कोंडल्यास तें जागच्या जागीं मरतें. म्हणूनच भारतीय बीजप्रमाणन मानकांत ओलाव्याची कमाल मर्यादा कांद्यास साध्या पिशवींत 8 टक्के, तर बाष्परोधक वेष्टनांत 6 टक्के आहे. गव्हास ती अनुक्रमें 12 व 8 आहे. सबब, बियाणें आधीं ह्या मर्यादेपर्यंत वाळवावें, मगच तोंड बंद करावें. आणि पिशवी घेतांना तिची जाडी विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.