वाफेपुढे नमणारे लाकूड

सरळ फळीतून नौकेची गोलाई कशी घडते? वक्र आकार करवतीने कापून काढणे सोपे वाटते. पण तसे केल्यास लाकडाचे लांब तंतू मध्येच तुटतात आणि नेमक्या त्याच जागी तुकडा दुबळा होतो. फळी वाकवली, तर तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. म्हणूनच कारागीर वाफेचा आधार घेतात.

लाकडातील तंतूंना लिग्निन नावाचे द्रव्य एकमेकांशी बांधून ठेवते. ओलावा आणि सुमारे १०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली की ते नरम पडते. फळी बंद पेटीत ठेवून तीत वाफ सोडतात. अडीच सेंटीमीटर जाडीला साधारण एक तास, हा कारागिरांचा ठोकताळा. खरी कसोटी मात्र पुढे असते. बाहेर काढताच फळी थंड होऊ लागते. त्यामुळे ती तत्काळ वाकवून शिकंज्यांनी आवळावी लागते. वाकताना आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. नरम झालेले लाकूड दाब पुष्कळ सोसते, ताण फार थोडा. म्हणून फळी चिरते ती बहुधा बाहेरून. गाठीची किंवा तिरप्या तंतूंची फळी या कामी निरुपयोगीच.

या जुन्या विद्येचा प्रत्यय अलीकडे गोव्यात आला. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रात पाचव्या शतकातील जहाज रंगवलेले आहे. तसे जहाज बांधण्यासाठी जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. नकाशे अर्थातच नव्हते. चित्रावरूनच आकार ठरवावा लागला. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळ्या जोडल्या त्या खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याच्या दोरीने शिवून. खिळा हट्टी फळीला दाबून धरतो. दोरीला ते तितके साधत नाही. सरळ होऊ पाहणारी फळी टाक्यांना सतत ओढत राहील. म्हणून प्रत्येक फळी आधी वाफवून जहाजाच्या वळणाला बसवली गेली, मगच तिला टाका पडला.

हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि केवळ शिडांच्या बळावर १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले.