मागचा ब्रेक का लागत नाही?

जुने सुटे भाग जुळवून घरीच मोटार तयार करण्याची हौस आपल्याकडेही आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी अशी बनविलेली छोटी जीप २०२१ साली देशभर गाजली. समजा, शिरूरच्या एखाद्या तरुणाने अशीच गाडी बनविली. गाडी पळू लागली, पण मागची चाके ब्रेकला दाद देत नाहीत. दोष कसा शोधावा? दिसेल तो भाग बदलत सुटणे ही काही शास्त्रीय रीत नव्हे.

प्रथम रचना पाहू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. पास्कलच्या नियमानुसार हा दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जसाच्या तसा पोचतो. मागच्या ड्रममधील छोट्या सिलिंडरचे दट्टे त्यामुळे बाहेर सरकतात आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. हँडब्रेकची केबल मात्र बहुधा ऑइलच्या मदतीशिवाय ह्याच शूंना ओढते.

ह्या फरकातच निदानाची किल्ली आहे. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि गाडीचा मागचा भाग उचलून भक्कम स्टँडवर टेकवा. आता एकेक चाक हाताने फिरवा. हँडब्रेकने चाक अडते, पण पेडल दाबून अडत नाही, असे असेल तर शू व ड्रम ठीक आहेत. दोष ऑइलच्या मार्गात आहे. दोन्हींनी अडत नसेल तर शू झिजले असतील, ड्रमपासून दूर राहिले असतील किंवा त्यांवर ग्रीस लागले असेल.

पेडलही बरेच सांगते. ते स्पंजासारखे लागले तर नळीत हवा शिरली आहे. द्रव जवळजवळ दबत नाही, वायू मात्र सहज दबतो. पायाचा जोर तिथेच खर्ची पडतो. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे.

दुरुस्तीनंतर मागचा ब्रेक जास्तीत जास्त कडक करण्याचा मोह होतो. तो टाळावा. सायकल हाताने ढकलत नेताना पुढचा ब्रेक एकदम दाबा. मागचे चाक उचलू पाहते. ब्रेक लावताच भार पुढे सरकतो. आपली गाडी ६०० किलोग्रॅमची, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटर उंचीवर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २ मीटर धरू. ऋण त्वरण ६ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर सरकणारा भार ६०० × ६ × ०.५ ÷ २ = ९०० न्यूटन. गुरुत्वत्वरण १० धरले आणि भार आधी निम्मा-निम्मा असला, तर पुढे ३९०० आणि मागे अवघे २१०० न्यूटन उरतात. भार कमी म्हणजे घर्षणही कमी. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली, तर घसरणाऱ्या चाकाची आडवी पकड जाते आणि गाडीची शेपटी फिरते. म्हणून पुढची चाके आधी जाम व्हावीत, अशीच ब्रेकची वाटणी हवी.

न्हावरे-चौफुलामार्गे दौंडकडे जाताना उसाची ट्रॉली अचानक आडवी आली, तर विचाराला वेळ नसतो. म्हणून चाचणी मोकळ्या, बंदिस्त मैदानावर, कमी वेगात, जाणत्या मेकॅनिकसमक्षच घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणताही येत नाही. चालणारी गाडी बनविणे हे अर्धेच काम. ती सरळ रेषेत थांबली, तरच काम पुरे झाले.