चांगल्या डोळ्याचा फोटो

फ्लुरोसीन हा नारिंगी रंग. सिस्टरनी हाताच्या शिरेतून सोडला की दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्याच्या पडद्यावर पोचतो आणि मी पडद्याचे फोटो काढू लागतो. त्याआधी मी पेशंटला बजावून ठेवतो, की जरा मळमळेल, अंग पिवळट दिसेल आणि उद्यापर्यंत लघवी केशरी होईल. हे शेवटचं सांगितलं नाही, तर रात्री घाबरून फोन येतात.

परवा खुर्चीत बारावीतला मुलगा होता. डाव्या डोळ्यासमोर आधी काळे ठिपके, मग जाळी, आणि एका सकाळी सगळंच धुरकट. दुखणं नाही, लाली नाही, म्हणून आधी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून झाला होता. आमच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं तर आत रक्त. त्यांना संशय होता ईल्स डिसीजचा. हेन्री ईल्स हे बर्मिंगहॅमचे डॉक्टर. तरुण पुरुषांच्या डोळ्यांत पुन्हा पुन्हा होणारा हा रक्तस्राव त्यांनी १८८० मध्ये नोंदवला आणि त्याचा संबंध बद्धकोष्ठाशी, घोळणा फुटण्याशी जोडला. मूळ दुखणं पडद्यातल्या शिरांच्या सुजेचं, हे इतरांनी नंतर दाखवलं. पाश्चात्त्य देशांत हा आजार आता दुर्मीळ आहे. आपल्याकडे मात्र विशी-तिशीतले पुरुष येत राहतात, आणि क्षयाच्या जंतूंशी त्याचा संबंध असावा असं बरेच डॉक्टर मानतात. शाळा-कॉलेजातली मुलं त्या मानानं कमी.

वडील म्हणाले, "साहेब, दिसत नाही ते डाव्यानं. उजव्याचे फोटो कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण डाव्यात रक्त साचलेलं असल्यामुळे कॅमेऱ्याला पडदाच दिसत नव्हता. त्या डोळ्याची सोनोग्राफी होते. आणि हा आजार बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत असतो, एकात पुढे तर दुसऱ्यात मागे. वाचवण्यासारखं जास्त उजव्यातच होतं.

हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, खोलीत अंधार केला. निळा उजेड पडला की रक्तातला रंग हिरवट-पिवळा चमकतो. आधी रोहिण्या उजळल्या, मग नीला कडांकडून भरत आल्या. मधला भाग सुरेख, पुस्तकात छापावा असा. इथंच थांबणारा फोटोग्राफर या आजारात कामाचा नाही. "वर बघ. आता कानाकडे. पापणी मिटू नको रे." मुलगा म्हणाला, "काका, सगळं गुलाबी दिसतंय." फ्लॅशनं तसं होतं.

कानाकडच्या टोकाला सापडलं. साध्या रंगीत फोटोत एका नीलेच्या दोन्ही कडांना चुना लावल्यासारखी पांढरी रेघ होती. पाच मिनिटांनंतरच्या फोटोत त्याच नीलेतून रंग बाहेर झिरपून कड पुसट झाली होती. तिच्या पलीकडे काळा पट्टा, म्हणजे तिथल्या केशवाहिन्या बंद. रक्त न मिळालेल्या अशा भागाच्या कडेला पुढे नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात आणि त्याच फुटतात. आणि हा डोळा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होता!

रंग सोडून फोटो काढायची ही तपासणी १९६१ मध्ये नोवोत्नी आणि अल्विस या अमेरिकेतल्या दोघांनी प्रसिद्ध केली. पहिलं इंजेक्शन कुणी घ्यायचं ते नाणं उडवून ठरलं, अल्विस हरले.

पुढचं काम डॉक्टरांचं. सूज उतरवायला स्टेरॉइड, पण त्याआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू चाचणी, कारण अंगात क्षय लपलेला असला तर नुसतं स्टेरॉइड तो भडकवू शकतं. नव्या वाहिन्या उगवल्याच तर काळ्या पट्ट्यावर लेसर. डाव्यातलं रक्त आपोआप विरतं का, याची काही आठवडे वाट. नाही विरलं तर ऑपरेशन. गोळ्यांचा डोस हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करणारी तरुण मुलंच जास्त, आणि तीच पुन्हा रक्त घेऊन माझ्या खुर्चीत बसतात.

घरातल्या तरुण पोराला अचानक काळे ठिपके दिसू लागले, तर नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात नेऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि थेंब घालून पडदा तपासून घ्या, दोन्ही डोळ्यांचा.